अण्णांच्या वहीतलं पेट्रोल

माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांच्या वह्या मी माझ्या घरी घेऊन आले. वहिनी म्हणाली, "ताई, रद्दीत जाणाऱ्या वस्तू, तुम्ही कशाला ओझं नेताय?" तेवीस वह्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, वाण्याकडे उधारीला असतात तसल्या. १९७२ च्या दुष्काळात अण्णा इंदापूरकडून पुण्यात आले, आठ-नऊ वर्षं मालकाची रिक्षा शिफ्टवर चालवली, आणि १९८१ मध्ये स्वतःची गाडी झाली त्या दिवसापासून रोज रात्री जेवायला बसण्याआधी हिशोब लिहायला लागले. तारीख, मीटरचे पैसे, पेट्रोल किती लिटर आणि किती रुपये, ऑइल, पंक्चर, चहा. शेरा म्हणून काही नाही. आजी वारली त्या दिवशी "गाडी बंद" एवढंच.

मी गेली पंचवीस वर्षं अकाउंट्सचंच काम करते, त्यामुळे आकड्यांचा रकाना दिसला की हात आपोआप बेरजेला लागतो. एका रविवारी १९९० आणि १९९१ च्या वह्या घेऊन बसले. पेट्रोलच्या रुपयांना लिटरने भागलं की त्या दिवशीचा दर निघतो. असे दर पेन्सिलीने समासात लिहीत गेले. ऑक्टोबर १९९० च्या मध्यावर दर एकदम चढतो आणि मग सरळ रेघेत चालतो. दिवाळी, संक्रांत, होळी, उन्हाळा, दर तोच. जूनमधल्या एका पानावर "मतदान. ३ नंतर गाडी" असं लिहिलंय. त्या दिवशीही दर तोच. आणि जुलै संपता संपता पुन्हा एकदम चढतो.

त्या सरळ रेघेपाशी मी थांबले. त्या नऊ महिन्यांत काय काय झालं ते मला आठवतं. आखातात लढाई पेटली आणि संपली, दिल्लीत दोन सरकारं गेली, देशाच्या तिजोरीतलं सोनं विमानात चढलं. आणि अण्णांच्या वहीत पेट्रोलचा दर जागचा हलला नाही. तो हलला मतदान झाल्यावर.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा मी नववीत होते. आम्ही गंज पेठेत राहायचो. दोन खोल्या, नळ सगळ्या वाड्याला मिळून एक. कुवेत हा शब्द मला भूगोलाच्या पुस्तकामुळे नाही, तर समोरच्या खोलीतल्या मामांमुळे माहीत होता. ते तिकडे एसी दुरुस्तीच्या कामाला होते. त्यांच्या घरात वाड्यातला पहिला टू-इन-वन आला होता आणि मामींच्या हातात घड्याळ होतं. ऑगस्टपासून त्यांचं पत्र बंद झालं, फोन तर कुणाकडेच नव्हता. मामी रोज संध्याकाळी आमच्या रेडिओपाशी येऊन बसायच्या. त्या वर्षी कुवेतमधून आपली १ लाख ७० हजारांहून जास्त माणसं एअर इंडियाच्या विमानांनी परत आणली गेली, आणि त्यात आमचे मामाही होते. बसने वाळवंट ओलांडून जॉर्डन, अम्मानहून विमानाने मुंबई, दादरहून एशियाडने पुणे स्टेशन. स्टेशनवरून अण्णांनी त्यांना आणलं. हातात रेग्झिनची एक बॅग आणि पाकिटात कुवेती दिनार, ज्यांचं काय करायचं हे कुणालाच सांगता येईना. त्या दिवसाचं पान मी काढून पाहिलं. "स्टेशन ते घर. मीटर नाही."

लढाई आमच्या वाड्यात आली ती अशी, एका दमलेल्या माणसाच्या रूपाने. दुसऱ्यांदा आली ती रॉकेलच्या रांगेतून. आई पंपाच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. रेशनच्या दुकानापुढे पहाटे पाचला डबे लागायचे. डबा चोरीला जाईल म्हणून लोक डब्याऐवजी वीट ठेवायचे आणि विटेवर खडूने नाव घालायचे. आमच्या विटेवर मी फुली काढलेली असायची. शाळेत जाण्याआधी दोन तास मी त्या फुलीच्या मागे उभी राहिले आहे, आणि दुकानदाराने "संपलं" म्हटल्यावर रिकामा डबा घेऊन घरी गेले आहे.

इराक आणि कुवेत हे दोन्ही आपल्याला तेल देणारे मोठे देश होते. तेल तिथून येईना, दुसरीकडून घ्यावं तर भाव दुपटीच्या पुढे गेलेला, आणि आखातातल्या आपल्या माणसांकडून येणारे पैसेही आटले. ऑक्टोबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने आखाती अधिभार लावला. दिल्लीत ९ रुपये ८४ पैशांचं पेट्रोल १२ रुपये २३ पैशांवर गेलं. नोव्हेंबरात ते सरकार पडलं. पडलं ते मंडल आणि अयोध्येवरून, पेट्रोलवरून नाही. त्यांच्या जागी चंद्रशेखर आले.

आणि मग जानेवारी १९९१. इराकला कुवेतमधून हुसकायला अमेरिका लढाईत उतरली. अमेरिकेची लष्करी विमानं फिलिपिन्सकडून आखाताकडे जाताना मुंबईत उतरून इंधन भरतात, ही बातमी फुटली. आमच्या रिक्षा स्टँडवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना ती लढाई नको होती. सद्दाम हुसेनबद्दल प्रेम होतं असं नाही, पण त्या लढाईशी आपला काही संबंध नाही असं प्रत्येकाला वाटायचं. अण्णांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या पोरीला पहाटे वीट घेऊन उभं राहावं लागतं आणि त्यांच्या विमानांच्या टाक्या आपण भरून देतो, हे त्यांना सहन झालं नाही. अण्णा मोठ्याने बोलणारे नव्हते. त्या रात्री मात्र ते जेवताना दोनदा म्हणाले, "हे बरोबर नाही." राजीव गांधींनी हाच मुद्दा उचलला, काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं असलेलं सरकार अडचणीत आलं, फेब्रुवारीत इंधन भरणं थांबलं. मार्चमध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. निमित्त राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवल्याचं झालं, पण विश्वास आधीच उडालेला होता.

मग निवडणूक. मे महिन्यात पहिल्या टप्प्याचं मतदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. उरलेलं मतदान जूनवर गेलं. पुण्यात भाजपचे अण्णा जोशी निवडून आले, काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ हरले. प्रचारात मंदिर होतं, मंडल होतं, स्थिर सरकार होतं, हत्येचं दुःख होतं. पेट्रोल कुणाच्या भाषणात असलंच तर तोंडी लावण्यापुरतं. आणि ज्या मे महिन्यात आम्ही प्रचाराचे कर्णे ऐकत होतो त्याच महिन्यात देशाचं २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं गेलं होतं, गाजावाजा न करता. जुलैत आणखी ४७ टन गहाण पडलं. लढाईने आपली परकीय चलनाची गंगाजळी किती खरवडून नेली, ते मत देणाऱ्याला मत देताना माहीत नव्हतं. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि पेट्रोल २० टक्क्यांनी वाढलं. दिल्लीचा दर १४ रुपये ६२ पैसे झाला. वहीतली दुसरी उडी ती हीच.

तो अर्थसंकल्प चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रॉकेलचा दर त्यात थोडा कमीच केला होता, आणि देश बुडायचा वाचला हेही खरं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी मत, मग बिल.

इथे रिक्षाच्या दरपत्रकाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. त्या वेळी रिक्षाला लोखंडी मीटर असायचे, झेंडा खाली पाडला की सुरू होणारे. भाडं वाढलं की मीटर लगेच बदलत नसे. मग छापलेलं कार्ड मिळायचं. डाव्या बाजूला मीटरवर दिसणारे पैसे, उजव्या बाजूला द्यायचे पैसे. अण्णांचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला भोक पाडून दोऱ्याने हँडलला बांधलेलं असायचं. बोट फिरवून फिरवून काही ओळी पुसट झाल्या होत्या, कारण गंज पेठेतून स्टेशन, स्वारगेट, डेक्कन या त्यांच्या नेहमीच्या फेऱ्या तेवढ्यातच बसायच्या. गिऱ्हाईक कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरायचं, दोनदा वाचायचं, आणि तरी म्हणायचं, "मीटरवर तर एवढेच आहेत."

पण कार्ड येईपर्यंत काय? पेट्रोल एका रात्रीत वाढायचं. भाडं वाढवायचं तर संघटनेची निवेदनं, बैठका, प्राधिकरणाची मंजुरी, मग छपाई. मधल्या दिवसांत वाढलेलं पेट्रोल आणि जुनं भाडं यांच्यातला फरक अण्णांच्या खिशातून जायचा. तो फरक कधी माझ्या वह्यांच्या पैशातून निघाला, कधी आईच्या गुडघ्याच्या औषधातून. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता रकाने जोडून पाहिल्यावर दिसतं की "औषध" ही नोंद ऑगस्ट १९९१ मध्ये एकदाही नाही.

एकतीस वर्षांनी तसंच झालं, आणि या वेळी मी चाळिशी ओलांडलेली होते, डोळे उघडे ठेवून पाहत होते.

३ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या तोंडावर केंद्राने पेट्रोलवरचा अबकारी कर ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा १० रुपयांनी कमी केला. त्यानंतर पंपावरचे आकडे थांबले. खरं तर जून २०१७ पासून आपल्याकडे दर रोज सकाळी सहाला बदलायची पद्धत आहे. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने आपल्या हातातून सोडले, असं आपल्याला सांगितलेलं आहे. तरीही नोव्हेंबरपासून सलग १३७ दिवस दर एका पैशाने हलले नाहीत. त्या काळात कच्चं तेल आधी उतरलं, मग चढत गेलं, आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पिंपाला १३० डॉलरच्याही वर जाऊन आलं. इकडे उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, गोवा आणि मणिपूर या पाच राज्यांत मतदान चाललं होतं. १० मार्चला मोजणी झाली.

अण्णा तेव्हा सत्तर पार केलेले, गाडी धाकट्या भावाकडे. १० मार्चच्या रात्री ते भावाला म्हणाले, "शेजारच्या पोराला सांग, स्कूटरची टाकी भरून ठेव." भाऊ म्हणाला, "अण्णा, आपण कुठं मतदान केलंय?" अण्णांचं म्हणणं होतं की मतदान कुठेही होवो, पंपावरची पाटी सगळीकडे एकदमच बदलते. अकरा तारखेला दर वाढला नाही, बाराला नाही, पंधराला नाही. अण्णा रोज सकाळी पेपरात तो चौकोन बघायचे. २२ मार्चला वाढ सुरू झाली, ८० पैशांनी. घरगुती गॅसचा सिलिंडर त्याच दिवशी ५० रुपयांनी वाढला. मग सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ. मुंबईत १०९ रुपये ९८ पैशांचं पेट्रोल ६ एप्रिलला १२० रुपये ५१ पैसे झालं आणि पुण्यातले आकडेही त्याच्या बरोबरीने पळाले. आमच्या महापालिकेची मुदत नेमकी त्याच मार्चमध्ये संपली होती आणि प्रशासक आले होते, म्हणजे गल्लीत गाठून जाब विचारायला नगरसेवकही उरला नव्हता.

भावाच्या रिक्षाचं वेगळंच. ती सीएनजीवर. १ एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला आणि पुण्यात किलोचा दर ६२ रुपयांच्या आसपास उतरला. भाऊ त्या संध्याकाळी पेढे घेऊन आला होता. पण त्याच दिवशी देशात निघणाऱ्या वायूचा सरकारी दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला होता, आणि बाहेरून येणारा वायू तर युरोपने रशियाशी फारकत घेतल्यावर हाताला लागत नव्हता. आठवड्याभरात कर-कपात पुसली गेली. ऑगस्टमध्ये सीएनजी नव्वदीला टेकला. भाडं वाढलं १ सप्टेंबरला, पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट हे सगळे महिने त्याने २१ रुपयांवर काढले. त्यात पंपावरची रांग. एका रविवारी मी त्याच्याबरोबर रांगेत बसले होते. ऊन एवढं की सीटचं रेग्झिन पायाला चिकटत होतं. दीड तासाने नंबर आला, आम्ही उतरून बाजूला उभे राहिलो, आणि पंपावरचा पोरगा म्हणाला, "प्रेशर नाही, निम्मीच बसेल." भावाने काही न बोलता नोझल लावू दिलं. निम्म्या टाकीवर तो पुन्हा संध्याकाळी रांगेत.

मी ऑफिसात हे बोलले तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याशी वाद झाला. माणूस अभ्यासू आहे, जुन्नरकडचा, घरी टोमॅटो आणि कांदा. त्याचं म्हणणं असं की निवडणुकीसाठी का होईना, साडेचार महिने डिझेल रोखलं गेलं म्हणून त्याच्या भावाला मार्केट यार्डापर्यंतचा टेम्पो परवडला. भाव रोखला तर गरिबाचं भलंच होतं, तुला त्यात काय टोचतं? मला त्याचं म्हणणं पटतं. लढाई पेटली असताना सरकारने भाव अंगावर घ्यावा, हे मला मनापासून वाटतं. ट्रॅक्टर, टेम्पो, एसटी यांच्यावर जगाचा भाव रोजच्या रोज आदळू देऊ नये. पण मग तो लढाई आहे म्हणून घ्यावा आणि लढाई आहे तोवर घ्यावा, किती कोटी लागले ते संसदेत सांगून. मतमोजणीच्या तारखेला बांधून नाही. कारण रोखलेला भाव कुठे जात नाही. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना एप्रिल ते जून २०२२ मध्ये मिळून १८ हजार कोटींच्या वर तोटा झाला. सिलिंडरपोटी केंद्राने त्यांना २२ हजार कोटी दिले, ते आपल्याच कराचे. पुढे तेल स्वस्त झालं तरी पाटीवरचा आकडा फारसा उतरला नाही आणि २०२३-२४ मध्ये त्याच तीन कंपन्यांचा नफा ८० हजार कोटींच्या वर गेला. म्हणजे टेम्पोवाल्याने नंतर सगळं भरलंच, फक्त त्याला ते कशाचं आहे हे कळलं नाही. आणि १५ मार्च २०२४ ला दर २ रुपयांनी कमी झाले. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली १६ मार्चला.

कुठल्या एका पक्षाची ही खोड असती तर मी एवढं लिहिलं नसतं. १९७३ मध्ये अरब-इस्रायल लढाईनंतर पिंप ३ डॉलरवरून १२ डॉलरकडे निघालं, इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोल महाग केलं, तेव्हा १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. अण्णा हे फार कौतुकाने सांगायचे, ते तेव्हा शिफ्टवर गाडी चालवत होते. २०१८ मध्ये कर्नाटकात विधानसभेचं मतदान होतं तेव्हा २४ एप्रिलपासून एकोणीस दिवस देशभरातले दर गोठले आणि मतदान झाल्यावर १४ मेपासून चढायला लागले. आणि त्याच कर्नाटकात २०२४ च्या लोकसभेचा निकाल लागल्यावर अकराव्या दिवशी काँग्रेसच्या राज्य सरकारने विक्रीकर वाढवून पेट्रोल ३ रुपयांनी महाग केलं. बाकावर कोण बसलंय त्याने फरक पडत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. जून २०२२ मध्ये त्याने व्हिडिओ कॉलवर तिथल्या पंपाची पाटी दाखवली होती. उंच खांबावर, लांबून दिसेल अशी, आणि आकड्याच्या शेवटी सेंटचे नऊ-दशांश. "मावशी, ही सकाळी वेगळी होती." गॅलनला ५ डॉलर झाले होते, आणि नोव्हेंबरात त्यांच्या संसदेची, म्हणजे अमेरिकी काँग्रेसची निवडणूक होती. तिथे पाटी कुणी धरून ठेवत नाही. पण अध्यक्ष बायडेन यांनी राखीव साठ्यातून रोज १० लाख पिंपं सहा महिने बाजारात ओतायचं मार्चमध्येच ठरवलं होतं, आणि मतदानापर्यंत गॅलन ४ डॉलरच्या खाली आलं. त्यांच्या पक्षाचं प्रतिनिधीगृह गेलं, पण थोडक्यात. म्हणजे हात तिथलेही पोचतात. फरक एवढाच की त्यांनी काय केलं, किती पिंपं काढली, ते मतदाराला आधी माहीत होतं, आणि त्यावर तो भांडू शकत होता.

लढाई लोकांच्या मनातून उतरायला वेळ लागतो, हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. मामा ज्या लढाईमुळे परत आले ती जिंकल्यावर तिथले अध्यक्ष, थोरले बुश, यांच्या पाठीशी ८९ टक्के लोक होते, असं गॅलपच्या पाहणीत दिसलं होतं. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, खिसा रिकामा झालेल्या त्याच लोकांनी त्यांना घरी पाठवलं. त्यांच्या मुलाने २००३ मध्ये इराकवर सैन्य पाठवलं, २००४ मध्ये तो पुन्हा निवडून आला. तेव्हा शवपेट्या यायला लागल्याच होत्या, पण मत फिरायला आणखी दोन वर्षं लागली. २००६ मध्ये दोन्ही सभागृहं हातची गेली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. त्यांच्याही आधीचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या वाट्याला लढाईसुद्धा नव्हती. इराणमधल्या क्रांतीने तेल दुप्पट झालं, १९७९ च्या उन्हाळ्यात पंपांवर रांगा लागल्या, ४ नोव्हेंबरला तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली, आणि बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला मतदान होतं. लोकांनी रांग आणि ओलीस दोन्ही लक्षात ठेवून मत दिलं. कार्टर यांना न्याय मिळाला का, याबद्दल मला शंका आहे. पण लोकांना जे सोसावं लागलं ते मत देताना त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे ते डोळ्यांपुढे येत नाही. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जगातलं सुमारे एक-पंचमांश तेल जातं आणि आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग त्याच वाटेने येतो. तिकडे बोट अडली की इकडे रविवार पेठेतल्या माणसाचं दूध महाग होतं. ज्या लढाया आपण सुरू केल्या नाहीत, ज्यांच्याबद्दल आपल्याला कुणी विचारलं नाही, त्यांचं बिल आपण भरतो. तेवढं मला समजतं, जगात असं चालतं. पण त्या लढाईत आपलं सरकार कुणाच्या बाजूने उभं राहिलं, स्वस्त तेल मिळालं तर त्यातलं किती आपल्यापर्यंत आलं, विमानांच्या टाक्या कुणी भरून दिल्या, यावर मत द्यायची आपली पाळी येते तेव्हा पाटी गोठलेली असते. माणूस शाळेच्या खोलीत जाऊन शाई लावून येतो आणि त्याला वाटतं तेलाचं काही विशेष नाही, ठीक चाललंय. मला राग येतो तो याचा. भाववाढ सोसायची ताकद आपल्या लोकांत आहे, अण्णांनी तीस वर्षं सोसली. ती सोसताना हे कशासाठी, एवढं तरी त्यांना विचारता यायला हवं होतं.

१३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचं मतदान झालं, त्या दिवशी मी नवी वही आणली. लांबट, लाल पाठीची, अजून मिळते. पहिल्या पानावर तारीख, पेट्रोलचा दर, सीएनजीचा दर, सिलिंडरचा दर. खाली एक महिन्याने पुन्हा. त्या वेळी पुण्यात पेट्रोल वाढलं नाही, तेही लिहून ठेवलंय. आता प्रत्येक मतदानाला लिहिते.

गेल्या आठवड्यात भाऊ घरी आला होता. मी त्याला १९९१ ची वही दाखवली, समासातले पेन्सिलीचे आकडे दाखवले, जूनचं मतदानाचं पान दाखवलं. त्याने चष्मा लावून जुलैचं पान उघडलं. २५ तारखेला, जिथे अण्णा कधीच काही लिहीत नसत तिथे, दोन वाक्यं होती. "पेट्रोल वाढलं. कार्ड नाही."

"मग कार्ड आलं कधी?" भाऊ म्हणाला.

आम्ही दोघं पानं उलटत गेलो. ऑगस्ट पूर्ण संपला. नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, दोन दिवस पावसाने गाडी बंद. गणपती बसल्यानंतरच्या तिसऱ्या पानावर, पंक्चर आणि चहा यांच्या मधे, खर्चाच्या रकान्यात ते सापडलं.

"कार्ड, १ रु."

भावाने वही मिटली नाही. खिशातून पेन काढून तो जुलैपासूनचे दिवस मोजायला लागला.